नेटवर्क नसलेला वर्ग

प्रश्न : मी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका करीत असून सरावपाठांसाठी मेळघाटातील शाळेत जाणार आहे. तिथे नेटवर्क क्वचितच मिळते. मग तंत्रज्ञान कसे वापरावे?
– एक छात्राध्यापिका, अचलपूर

उत्तर : बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अ‍ॅपने स्कॅन केल्यावर पाठाचे साहित्य उघडते, आणि ते आदल्या दिवशी अचलपुरातच डाउनलोड करून ठेवले, तर वर्गात इंटरनेटवाचून अडत नाही. मात्र चित्रफीत सलग दाखवू नका (पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मोबाइलचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचतच नाही). बी रुजण्याच्या पाठात कोंब फुटण्याआधीच ती थांबवून पुढे काय होईल ते विचारा, आणि कोरकू बोलणाऱ्या मुलांना आधी कोरकूतच सांगू द्या. कोंब प्रत्यक्ष दाखवण्यासाठी भिजवलेले मूठभर हरभरे सोबत न्यावेतच.