एक मीटरवर स्थिर, पाच मीटरवर झोके? आधी फ्रेमची वेळ तपासा

"एक मीटरवर ड्रोन जागचा हलत नाही, पाच मीटरवर नेला की झोके घेतो आणि कॅमेऱ्यावरून काढलेला वेग उगाच उड्या मारतो." तुमचं हे वाक्य वाचलं आणि माझे वाया गेलेले तीन महिने आठवले.

ऑप्टिकल फ्लो (कॅमेऱ्यातलं चित्र किती सरकलं त्यावरून वेग काढणं) आणि तो मोजायची लुकास-कनाडे पद्धत हे सगळं तुम्हाला येतं असं धरतो. अल्गोरिदम बदलत बसू नका. गडबड बहुतेक फ्रेमच्या वेळेत आहे.

माझ्या ड्रोनवरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फ्रेम प्रोग्रामच्या हाती येई, त्या क्षणाची वेळ मी तिच्यावर टाकत होतो. प्रत्यक्षात ती सुमारे ६० मिलिसेकंद आधी टिपलेली असायची. जायरो, म्हणजे कलण्याचा वेग मोजणारा सेन्सर, मात्र ताजा. त्यामुळे ड्रोन कलल्याने चित्र जेवढं सरकलं तेवढं वजा व्हायच्या ऐवजी भलत्याच क्षणाचं कलणं वजा होई. ३० अंश प्रति सेकंदाची चूक म्हणजे ०.५२ रेडियन प्रति सेकंद. तिला उंचीने गुणा: एक मीटरवर अर्धा मीटर प्रति सेकंद खोटा वेग, पाच मीटरवर २.६! तो आवरायला कंट्रोलर ड्रोन आणखी कलवतो आणि झोका वाढतच जातो.

कॅमेरा जिथून घेतला त्यांच्या तांत्रिक मदतीला मी लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंद, पाठवला होता. उत्तर एका ओळीचं: कॅमेरा बदला. ग्लोबल शटरचा (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा) महाग कॅमेरा घेतला, झोके तसेच. पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, लॉग कुणी उघडलाच नव्हता. याचा राग अजून आहे, कारण जायरो आणि फ्लो या दोन आलेखांमधली फट त्यात नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

पाती काढा. ड्रोन हातात धरून नक्षीदार सतरंजीवर, जागा न सोडता, पुढे-मागे डोलवा. जायरो आणि फ्लोचे आलेख एकावर एक ठेवा. शिखरं जेवढी मागेपुढे, तेवढा उशीर. ड्रोन उडवणाऱ्या आर्डूपायलट आणि पीएक्स४ या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तो उशीर भरायला पॅरामीटर आहे. पण माझं मत विचाराल तर पायवरचं कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिबकॅमेरा फ्रेमसोबत देतं तो सेन्सर टाइमस्टॅम्पच (फ्रेम टिपल्याची वेळ) वापरा. पायवर लोड वाढला की उशीर बदलतो, एकच आकडा पुरत नाही.

नासाच्या मंगळावरच्या इन्जेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरचंही असंच झालं होतं. २२ मे २०२१, सहावं उड्डाण: एक फ्रेम गळाली आणि पुढच्या सगळ्या फ्रेमवर चुकीची वेळ पडली. हेलिकॉप्टर २० अंशांहून जास्त कलत झोके घेत राहिलं, तरी ठरल्या जागेच्या पाच मीटरच्या आत उतरलं.

अर्थात हे माझ्या जोडणीवरून सांगतोय. ड्रोन झोके न घेता एकाच दिशेला हळूहळू सरकत असेल तर कारण वेगळं. उंचीचा सेन्सर चुकला तर वेगही त्याच प्रमाणात चुकतो, तोही बघून घ्या. आणि गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर चाचणी नको, कॅमेऱ्याला धरायला खुणाच मिळत नाहीत.

हातात धरून काढलेला लॉग इथे टाका, मी स्वतः उघडून बघेन.