कपलिंग ऑटोमॅटिक असताना माणूस दोन डब्यांच्या मध्ये का शिरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गणपतीला गावी जाताना सावंतवाडीला गाडी संपली, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला आलं आणि डब्याला टेकल्यावर एक माणूस वाकून मध्ये शिरला. कपलिंग, म्हणजे डबे आणि इंजिन एकमेकांना जोडणारा सांधा, हल्ली आपोआप लागतं असं तुम्ही वाचलं होतं, मग हा माणूस तिथे काय करत होता? आणि आपोआप लागतं म्हणजे नेमकं काय होतं?

मी रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्या जोडण्या-सोडण्याच्या कामाचा माणूस, म्हणून लागलो, पुढे बरीच वर्षं शंटिंग, म्हणजे डबे-इंजिन इकडून तिकडे हलवून लावायचं काम, केलं आणि आता निवृत्त होऊन कणकवलीजवळ गावी असतो. तुम्ही पाहिलंत ते माझंच रोजचं काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. लोखंडाला लोखंड आपोआप जोडलं जातं, हवा आपोआप जोडली जात नाही. गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनातून शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक पाइप आणि फीड पाइप असे दोन पाइप जातात आणि प्रत्येक जोडावर रबरी होज पाइप हाताने अडकवावे लागतात. तो माणूस त्यासाठी वाकला होता. फरक इतकाच की, तो शिरला तेव्हा इंजिन जोडून स्थिर झालेलं होतं. जुन्या पद्धतीत खुद्द कपलिंग लावण्यासाठीच मध्ये उभं राहावं लागायचं, आणि ते काम फार वेगळं होतं.

जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांना, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या पद्धतीच्या डब्यांना, स्क्रू कपलिंग असतं. डब्याच्या टोकाला मधोमध मोठा आकडा, दोन्ही बाजूंना धक्का झेलणारे बफर. समोरच्या कपलिंगची जड कडी दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायची, आकड्यात टाकायची आणि मधला दांडा फिरवत स्क्रू आवळत न्यायचा, बफर एकमेकांना नीट टेकेपर्यंत. हे सगळं दोन डब्यांच्या बेचक्यात, बफरांच्या आत उभं राहून. लोखंडावर ग्रीस, अंगावर पाऊस, पायाखाली ओली खडी. आपल्याकडच्या जुलैतल्या पावसात रात्रपाळीला कंदिलाच्या उजेडात ती कडी उचलली की हातातून निसटते की काय अशी भीती पहिली दोन वर्षं मला रोज वाटायची.

मला काम शिकवणारे जे वडीलधारे गृहस्थ होते, त्यांच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. तेव्हा मी कोकणात नव्हतो, दुसरीकडच्या एका यार्डात होतो. ते मूळचे मालवणचे. डबा थांबला आहे असं समजून त्यांनी कडी आकड्यात टाकली आणि डबा वीतभर मागे आला. बस, तेवढंच. मी मध्ये शिरताना ते दर वेळी बाहेरून ओरडायचे, "बोटां सांभाळ रे झिला!" मी हसून "हो काका" म्हणायचो. त्या ओरडण्यात किती काळजी होती ते मला फार उशिरा कळलं.

आता आपोआप जोडणाऱ्या कपलरकडे येतो. आपल्याकडे त्याला सगळे सीबीसी म्हणतात, म्हणजे सेंटर बफर कपलर. ओढणं आणि ढकलणं ही दोन्ही कामं तो एकटाच मधोमध बसून करतो, म्हणून बाजूचे बफर लागत नाहीत. समजायला सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तुमचेच हात. दोन्ही हातांची चार-चार बोटं वाकवून आकडे करा, एकमेकांत अडकवा आणि ओढा. फुगडी घालताना बायका जितक्या मागे झुकतात तितकी पकड घट्ट होते, तसंच हे. त्या वाकलेल्या बोटाच्या जागी कपलरमध्ये पोलादाचा एक जाड तुकडा असतो, त्याला नकल म्हणतात. मालगाडीच्या नकलचं वजन पस्तीस किलोच्या आसपास भरतं. ती उभ्या पिनेवर बिजागरीसारखी फिरते. उघडी असते तेव्हा पंजा उघडल्यासारखी दिसते. समोरचा कपलर येऊन आपटला की ती आत वळते आणि तिची शेपटी कपलरच्या डोक्यात सरकते. त्याच क्षणी आतला लोखंडी ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली पडून शेपटीच्या मागे बसतो. जुन्या घरात दार लावून आतून अडसर घालतात ना, तसा. आता नकल उघडू शकत नाही. इंजिन कितीही ओढो, अडसर आहे तोवर दार बंद. वीज लागत नाही, मोटर लागत नाही, सगळं काम गुरुत्वाकर्षणावर चालतं. मला या रचनेचं आजही मनापासून कौतुक वाटतं.

सोडताना डब्याच्या बाजूला असलेला दांडा बाहेरूनच उचलायचा. ठोकळा वर जातो, नकल मोकळी होते, इंजिन पुढे गेलं की सुटलं. जोडताना दोनपैकी निदान एक नकल उघडी असावीच लागते. दोन्ही बंद राहिल्या तर तोंडावर तोंड आपटतं आणि काहीच जुळत नाही. म्हणून इंजिन डब्यांच्या अलीकडे थोडं अंतर ठेवून थांबवतात, पॉइंट्समन नकल बघतो, बाहेर येतो आणि मगच हात दाखवतो.

ही बोटांची उपमा माझी नाही बरं का. ज्याने हा कपलर शोधला त्याच्याबद्दलच ती सांगितली जाते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अलेक्झांड्रिया नावाच्या गावी एलाय जॅनी हा कापडाच्या दुकानात कारकून होता. आधी तो यादवी युद्धात लढला होता. जेवणाच्या सुट्टीत चाकूने लाकूड कोरून तो कपलरचे नमुने करायचा असं सांगतात. 29 एप्रिल 1873 रोजी त्याला पेटंट मिळालं. तिथे तेव्हा स्क्रू कपलिंगही नव्हतं. एक कडी आणि एक खिळा, एवढंच. डबे एकमेकांवर येत असताना ब्रेकमनने हाताने कडी धरून समोरच्या खाचेत घालायची आणि ऐन वेळी वरून खिळा टाकायचा. यार्डात माणूस कामाला आला की त्याची बोटं बघून अनुभव किती ते ओळखायचे, अशी तिकडची आठवण आहे. माझ्या मालवणच्या काकांचा हात पाहिला असल्यामुळे मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

जॅनीचा कपलर आला म्हणून रेल्वे कंपन्यांनी तो लगेच लावला असं मुळीच झालं नाही. खर्च कोण करणार? तिथे आयोवामधल्या लोरेन्झो कॉफिन या शेतकऱ्याने 1874 मध्ये एका ब्रेकमनची बोटं कपलिंग लावताना तुटलेली डोळ्यांनी पाहिली आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं हा विषय लावून धरला. सभांमध्ये बोलला, पत्रं लिहिली, राज्याचा रेल्वे कमिशनर झाला. अखेर 2 मार्च 1893 रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कायद्यावर सही केली: डब्यांना हवेचे ब्रेक हवेत आणि माणसाला मध्ये जावं न लागता आपटून जुळणारे कपलर हवेत. अंमलबजावणी पूर्ण व्हायला 1900 साल उजाडलं.

आणि त्याच वर्षी, ऑगस्ट 1900 मध्ये, जे घडलं ते तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. युटा राज्यात जॉन्सन नावाचा ब्रेकमन एक इंजिन जेवणाच्या डब्याला जोडत होता. इंजिनाला जॅनीचा कपलर, डब्याला मिलर नावाचा दुसऱ्या जातीचा. दोन्ही ऑटोमॅटिकच, पण एकमेकांशी जुळत नव्हते. त्याने पुन्हापुन्हा प्रयत्न केला, मध्ये शिरला, हात चिरडला आणि कापावा लागला. कंपनीचं म्हणणं, दोन्ही वाहनांना ऑटोमॅटिक कपलर होते, म्हणजे आम्ही कायदा पाळला. 1904 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. माणसाला मध्ये जावं लागू नये हाच कायद्याचा हेतू आहे, त्यामुळे दोन कपलर एकमेकांशी आपोआप जुळत नसतील तर कायदा पाळला असं होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसून होतो.

कारण आपल्याकडेही बरीच वर्षं तीच अडचण होती, आणि थोडीफार अजून आहे. मालगाड्यांना सीबीसी कधीचाच आला. तुम्ही कोलाडला रो-रोच्या गाडीवर ट्रक चढताना पाहिले असतील, त्या सपाट वॅगनींना तोच आहे. प्रवासी गाड्यांत मात्र आयसीएफ डब्यांमुळे स्क्रू कपलिंग टिकून राहिलं. लाल किंवा करड्या रंगाचे एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन पद्धतीचे, डबे आले तसा बदल झाला. आपली मांडवी आणि कोकणकन्या 2019 मध्ये एलएचबी झाल्या. आयसीएफ पद्धतीचे डबे बांधणं 2018 मध्ये थांबलं, पण आधी बांधलेले धावतायत. एका जातीचा डबा दुसऱ्या जातीच्या डब्याला सहज जोडता येत नाही. म्हणून इंजिनाला दोन्ही सोयी ठेवलेल्या असतात. तुम्ही इंजिनाच्या तोंडाकडे नीट पाहिलंत तर मधोमध सीबीसी दिसेल आणि दोन्ही बाजूंना बफरही दिसतील. जपानने हा गोंधळ फार वेगळ्या पद्धतीने मिटवला. कित्येक वर्षं तयारी करून ठेवली आणि जुलै 1925 मध्ये गाड्या थांबवून होन्शू बेटावरच्या मालडब्यांचे कपलर एका दिवसात बदलले. आपल्या पसाऱ्यात ते शक्य होतं असं मला वाटत नाही, पण त्या एका दिवशी किती माणसं किती यार्डांत राबली असतील याचा विचार मी बरेचदा करतो.

एलएचबीच्या कपलरमध्ये आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या डोक्याला बाजूने असे कान असतात की जुळल्यावर दोन कपलर एकमेकांच्या वरखाली सरकू शकत नाहीत. अपघातात जुने डबे एकमेकांवर चढायचे आणि त्यात माणसं मरायची. हे डबे चढण्याचं प्रमाण या कपलरमुळे खूपच कमी होतं. स्टेशनवरून सुटताना किंवा थांबताना एलएचबीला झटका बसतो अशी तक्रार तुम्हीही केली असेल. तो कपलरच्या मागे असलेल्या ड्राफ्ट गिअरमुळे बसत होता. ड्राफ्ट गिअर म्हणजे धक्का पिणारी गादी. ती सुधारून बसवल्यावर त्रास पुष्कळ कमी झालाय.

आता सावंतवाडीला तुम्ही जे पाहिलंत ते क्रमाने. इंजिन लूपवरून, म्हणजे बाजूच्या रुळावरून, फिरून आलं, अलीकडे थांबलं. पॉइंट्समनने नकल उघडी आहे हे पाहिलं आणि हात दाखवला. इंजिन अगदी माणसाच्या चालीने आलं, खाडकन् आवाज झाला. हा आवाज कानात बसतो. नीट बसलेल्या कपलरचा आवाज एकच आणि भरीव येतो, अडसर बसला नाही तर पोकळ ठणका ऐकू येतो. पण आवाजावर विसंबून कुणी काम करायचं नसतं. कपलरला ठोकळा पूर्ण खाली बसल्याची खूण असते, ती वाकून बघायची. मग इंजिन किंचित उलटं ओढून खात्री करायची. हे झाल्यावरच माणूस आत जातो. हिरवा ब्रेक पाइप हिरव्याला, पांढरा फीड पाइप पांढऱ्याला, दोन्हींची तोंडं तिरकी धरून एकमेकांत दाबली की टक् करून बसतात. मग कॉक, म्हणजे पाइपवरचे हवेचे नळ, उघडायचे, आधी उघडले तर होज हातात साप धरल्यासारखा उसळतो. ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला पाच किलोचा दाब यावा लागतो आणि तो शेवटच्या डब्यातल्या गार्डच्या मीटरवर दिसावा लागतो. चालत्या गाडीत कुठे कपलिंग सुटलंच तर हा पाइप तुटतो, हवा निघून जाते आणि दोन्ही तुकड्यांना ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे हाताने जोडलेला हा पाइप नसता तर त्या लोखंडाच्या भरवशावर कुणी गाडी सोडली नसती. डब्यांमध्ये याखेरीज विजेच्या जाड केबलही असतात, त्याही हातानेच लावायच्या.

हवा आणि वीजसुद्धा आपोआप जोडणारे कपलर जगात आहेत. जर्मनीत कार्ल शार्फेनबर्गने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असा कपलर केला आणि तो आज ठिकठिकाणच्या मेट्रोंमध्ये दिसतो. युरोपातल्या मालगाड्या अजून स्क्रू कपलिंगवर आहेत हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तिथे आता हवा, वीज आणि माहिती तिन्ही जोडणाऱ्या कपलरवर काम चालू आहे. आपल्या मडगावच्या वंदे भारतला तर हा प्रश्नच पडत नाही. तिला वेगळं इंजिन नाही, दोन्ही टोकांना केबिन आहे, मडगावला पोचली की चालक पलीकडच्या केबिनमध्ये जाऊन बसतो.

पुढच्या वेळी सावंतवाडीला थांबाल तेव्हा प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन एक बघा. आत शिरण्यापूर्वी तो माणूस लोको पायलटकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याकडे, बघून हात वर करतो आणि बाहेर आल्यावर पुन्हा करतो. तो दुसरा हात दिसेपर्यंत लोको पायलटने इंजिन जागचं हलवायचं नसतं. मी निवृत्त झालो त्या दिवशी शेवटची गाडी जोडून बाहेर आलो आणि तो हात वर केला, तेव्हा दहाही बोटं उघडी करून दाखवली होती. वरच्या लोको पायलटला त्याचा अर्थ कळला, त्याने हॉर्न दिला.