तलावात पावसाळी बंदी लागते का? लहान मासे ठेवायचे की सोडायचे?

भाऊ, तुमच्या संस्थेनं गावचा मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) ठेक्यानं घेतलाय. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी तुम्हाला लागते का, आणि जाळ्यात लहान मासे आले तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

ती तारीख समुद्राची. महाराष्ट्राचा १९८१चा सागरी मासेमारी कायदा कोकण किनाऱ्यासाठी आहे. २०२३मध्ये तिथं ५४ जातींची किमान लांबीही ठरली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचं नाही. तुमच्यावर बंधन आहे ते ठेक्याच्या करारातल्या अटींचं. आधी तो वाचून घ्या. पलीकडे मध्यप्रदेशात, बालाघाटकडे, १६ जून ते १५ ऑगस्ट बंदी असते, पण नदीशी संबंध नसलेल्या लहान तलावांना तिच्यातून सूट आहे.

त्या सुटीला कारण आहे. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर आपण दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडतो. त्यांच्यापुरतं पाहिलं तर जून-जुलै जाळं बंद ठेवून तलावात नवी पिल्लं होणार नाहीत.

मरळीचं तसं नाही. मिरगाचा पाऊस पडून तलाव भरू लागला की जोडी देवधानात, म्हणजे तलावातल्या रानभातात, जागा मोकळी करून अंडी घालते. मग पिल्लांचा लालसर थवा पाण्याच्या वरच्या थराला फिरतो आणि खाली आईबाप राखण करतात. तो थवा दिसला की लोक नेमका तिथंच गळ टाकतात. लहानपणी मीही टाकलाय, आणि आज त्याचं फार वाईट वाटतं. राखणारे गेले की दुसरे मासे त्या पिल्लांचा फडशा पाडतात. म्हणजे एका मरळीच्या पैशासाठी अख्खा थवा जातो. तुमच्या तलावात मरळ असेल तर कायदा सांगो न सांगो, पावसाळ्याचे दोन महिने काठावरचा गळसुद्धा बंद ठेवा.

आता लहान माशांचं. ‘सापडले तर सोडून देऊ’ यावर विसंबू नका. कल्ल्यात अडकलेला मासा काढेपर्यंत अर्धमेला होतो, सोडला तरी बहुतेक मरतो. जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकारच मोठा घ्या. आमच्या संस्थेनं एकदा दिवाळीच्या खर्चासाठी बारीक आसाचं जाळं ओढलं आणि तीन महिन्यांपूर्वी सोडलेली बोटुकली पावपाव किलोची असतानाच विकून टाकली. होळीला जाळं जवळपास रिकामं आलं. तेव्हापासून किलोच्या आतला कटला काढायचा नाही, असा ठराव आहे.

तुमचा तलाव वैशाखात आटत असेल तर मात्र हा किलोचा नियम धरून बसू नका. पाणी कंबरेपर्यंत यायच्या आत कटला-रोहू सगळा काढून घ्या, नाहीतर उन्हात मरून वाया जाईल. मरळ तेवढी थोडी मागं राहू द्या. ती वरची हवा घेते, डबक्यातल्या पाण्यातही तग धरते.