भाऊ शिरोलीच्या फाउंड्रीत आहे, खोकला जात नाही. श्वासाच्या सेन्सरने आजार आधीच कळेल का?

दम्याचा अंदाज येईल, पण फाउंड्रीवाल्यांना ज्याची खरी भीती असते तो सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, श्वासातल्या वायूवरून कळत नाही. फुफ्फुसांच्या तपासणीची मशीन रोज हाताळतो, त्यावरून सांगतोय. छातीच्या डॉक्टरांकडे जी श्वासाची तपासणी होते ती फेनो, म्हणजे श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजणारी. अॅलर्जीच्या दम्यात श्वासनलिकांना सूज आली की हा वायू वाढतो. मोठ्या माणसात आकडा ५० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत वायूचे किती भाग, ते माप) वर गेला तर संशय बळावतो, २५ च्या आत असेल तर तशी सूज असण्याची शक्यता कमी. फुंकायचं सावकाश, एकसारखं, साधारण १० सेकंद. तालमीतली पोरं छाती फुगवून जोर लावतात आणि मशीन लगेच नापास करतं! भाऊ सिगारेट ओढत असेल किंवा स्टिरॉइडचा पंप घेत असेल तर आकडा मुळातच कमी येतो, तेव्हा हे आधी सांगा.

साच्याच्या वाळूची धूळ मात्र या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजणारी तपासणी. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा आणि किती वर्षं काम केलं, मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) की फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करायला), हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. फुंकरीवरून कॅन्सर ओळखणारं ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ अजून संशोधनातच आहे. शिबिरात कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.