वादकांसमोर कागद असतोच, मग ऑर्केस्ट्रात कंडक्टर नेमकं काय करतो?

प्रश्न रास्त आहे. वाजवता सगळ्यांना येतं, स्वरलिपी समोर आहे, मग मध्ये उभं राहून छडी फिरवणारा कशाला? मी एका हौशी सिम्फनी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनांच्या शेवटच्या रांगेत बसतो. तिथून जे दिसतं ते सांगतो.

मुळात त्या कागदावर अख्खी रचना नसतेच. माझ्यापुढे फक्त माझी ओळ. तीस बार, म्हणजे ठरावीक मात्रांचे तीस खंड, गप्प बसायचं असेल तर एक आडवी जाड रेघ आणि वर ३० चा आकडा. मोजत बसा! बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोनवाले पहिले तीनही भाग हातावर हात ठेवून बसतात, त्यांचं काम थेट चौथ्यात. सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेला कागद असतो तो कंडक्टरकडे.

दुसरं म्हणजे, कानावर भरवसा ठेवता येत नाही. १७ मीटर लांबून आवाज यायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. मागच्या ट्रम्पेटचं ऐकून मी वाजवायला गेलो की मी मागे पडलोच. म्हणून डोळे छडीवर.

आणि छडी आवाजाच्या आधी बोलते. ती पाचवी सिम्फनी सुरू होते विरामाने! आधी अर्धी मात्रा शांतता, मग तीन झटपट स्वर आणि चौथा लांब. लय कळते ती त्याआधी वर उचललेल्या हातावरून. आमच्या पहिल्या तालमीत तो हात जरासा अडखळला आणि सात-आठ ठिकाणांहून सात-आठ वेगवेगळे ‘पहिले’ स्वर आले. हसू आवरेना. चौथा स्वर किती लांबवायचा हेही कागद सांगत नाही, तिथे नुसती थांबण्याची खूण असते. ते ठरवणार कंडक्टर.

बाकी त्याचं खरं काम तालमीत उरकलेलं असतं. ‘चेलो, तुम्ही आवाज खाली आणा, इथे क्लॅरिनेट गातंय,’ असं शंभर वेळा. कार्यक्रमात दिसते ती त्याची उजळणी.

पण खरं सांगू? मागच्या रांगेतून मी कंडक्टरइतकाच आणखी एकाकडे बघतो: त्याच्या डाव्या हाताला, पहिल्या व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे. ब्रिटनमध्ये ‘लीडर’ म्हणतात तो हाच, अमेरिकेत ‘कॉन्सर्टमास्टर’. गज कुठे खाली ओढायचा, कुठे वर ढकलायचा, हे तो ठरवतो. त्याच्या पेन्सिलीच्या खुणा रांगेरांगेने मागे पोचतात आणि आम्ही मुकाट्याने उतरवतो. ओबोच्या ‘ए’ स्वरावर वाद्यं जुळवून घेण्याची खूणही त्याचीच. कंडक्टरचा ठोका गढूळ असला की सगळ्यांच्या नजरा आपोआप लीडरच्या खांद्याकडे वळतात. हे उघडपणे कोणी कबूल करत नाही.

इतिहासात हे उघडपणेही घडलंय. ७ मे १८२४, व्हिएन्ना, नवव्या सिम्फनीचा पहिला प्रयोग. बहिरा झालेला बीथोव्हन स्वतः मंचावर उभा राहून लय दाखवत होता. पण त्याच्याकडे बघू नका, अशी ताकीद वादकांना आधीच मिळालेली होती. ठोका देत होता कंडक्टर उम्लाउफ आणि व्हायोलिनांच्या पुढे, लीडरच्या जागी, होता शुप्पान्झिग.

कंडक्टरशिवाय जमतं का? जमतं. मॉस्कोत १९२२ साली पेर्सिमफान्स नावाचा असा ऑर्केस्ट्रा निघाला आणि दहा वर्षं चालला. न्यूयॉर्कचा ऑर्फिअस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ मध्ये सुरू झाला. तिथे रचनेनुसार पुढारीपण वादकांमध्येच फिरतं. मात्र एक माणूस दोन शब्दांत मिटवतो ते तिथे चर्चेने ठरवावं लागतं, आणि तालमीचा वेळ त्यात जातो. शिवाय माणसं जितकी वाढतील तितकं ते अवघड.

आता एखादं ध्वनिचित्रण लावाल तेव्हा सुरुवातीला छडीकडे बघू नका. पहिल्या खुर्चीवरचा माणूस गज टेकवण्याआधी श्वास घेतो, तो बघा. मागची अख्खी रांग त्याच्याबरोबर श्वास घेते.