वाचकांचे प्रश्न : परदेशातील सत्र आणि इथून चालणारा वर्ग

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील यंत्र अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी दरवर्षी एका सत्रासाठी जर्मनीतील विद्यापीठात जातात. निघण्यापूर्वी आम्ही त्यांच्यासाठी दोन दिवसांचे मार्गदर्शन शिबिर घेतो. परत आल्यावर विषयातली प्रगती ते नीट सांगतात. पण तिथल्या लोकांबरोबर काम करताना काय शिकलात असे विचारले, तर ‘तिकडची माणसे तुटक वागतात’ यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ते तिथे असताना इथूनच ऑनलाइन वर्ग घेतला, तर त्याचा उपयोग होईल का?
– एक प्राध्यापिका, कराड

उत्तर : नक्की होईल, आणि माझ्या मते शिबिरापेक्षा अधिक होईल. शिबिरात आपण जे सांगता, ते पडताळून पाहायला विद्यार्थ्याजवळ त्या वेळी स्वतःचा एकही अनुभव नसतो. आणि पुढे अनुभव येऊ लागतात, तेव्हा त्यांचा अर्थ लावायला जवळ कोणी नसते. परदेशात राहिले की तिथल्या माणसांची समज आपोआप येते, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. अमेरिकेतील ‘जॉर्जटाउन कन्सॉर्शियम’चा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास, ज्यात परदेशी शिक्षणाचे ६१ कार्यक्रम आणि सुमारे १३०० विद्यार्थी होते, या समजाला दुजोरा देत नाही. मुक्कामाच्या काळातच आपल्या अनुभवांविषयी बोलायला जाणता मार्गदर्शक मिळणे किती मोलाचे असते, हे त्यातून पुढे आले. असा मार्गदर्शक विद्यार्थ्याच्याच शहरात असायला हवा असे नाही, आणि दूरस्थ अध्यापनाचे खरे बळ मला इथेच दिसते.

मात्र या वर्गात व्याख्यान देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जर्मन लोक वेळ पाळतात, स्पष्ट बोलतात, ही माहिती विद्यार्थ्याला कुठेही मिळते. त्याऐवजी प्रत्येकाने आठवड्यातील एक प्रसंग तीन रकान्यांत लिहून आणावा : प्रत्यक्ष काय घडले, मी त्याचा अर्थ काय लावला आणि मला त्याविषयी काय वाटले. आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणात हा सराव पूर्वीपासून रूढ आहे.

समजा, प्रयोगशाळेत पंपाची कंपने मोजणाऱ्या विद्यार्थ्याचे आकडे संगणकावरील प्रारूपाशी जुळत नाहीत. तो दोन आठवडे एकटाच झगडतो, कारण मार्गदर्शकांनी विचारल्यावाचून अडचण घेऊन जाणे म्हणजे आपली कुवत कमी आहे हे दाखवणे, असे तो इथून शिकून गेलेला असतो. विद्यार्थी काही बोलत नाही, त्या अर्थी काम सुरळीत चालले आहे, असे तिकडचे मार्गदर्शक धरून चालतात. आणि आढावा बैठकीत ‘हे आधी का सांगितले नाही?’ असे सर्वांदेखत विचारतात. विद्यार्थी वहीत लिहितो : ‘सरांनी सगळ्यांसमोर अपमान केला.’ हे वाक्य पहिल्या रकान्यातले की दुसऱ्या, एवढेच आपण विचारावे. पहिल्या रकान्यात फक्त एक प्रश्न उरतो, हे त्याला स्वतःलाच दिसू लागते. मग पुढच्या आठवड्याचे काम द्यावे : प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या तासाला वेळ मागून जा, अडचण चार ओळींत मांड, त्यांनी काय उत्तर दिले ते लिहून आण. लगेच दुसऱ्या दिवशी करून पाहता येईल असे काम देण्याची सोय निघण्यापूर्वीच्या शिबिरात नसते.

वर्ग सहा ते आठ जणांचा असावा आणि त्यात आदल्या वर्षी जाऊन आलेला एखादा विद्यार्थी बसवावा. तिकडच्या विद्यापीठाची तयारी असेल, तर त्यांचे एक-दोन विद्यार्थीही असावेत, म्हणजे चर्चा आपल्या आपल्यातल्या तक्रारींवर थांबत नाही. वेळेचे एक भान ठेवावे : हिवाळ्यात तिकडचे दुपारचे चार म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जाण्यापूर्वी हाच फरक साडेतीन तासांचा असतो. गुण द्यायचेच असतील, तर ते नोंदींच्या नियमितपणाला आणि विचारातल्या बारकाईला द्यावेत, मताला कधीही देऊ नयेत. अन्यथा विद्यार्थी आपल्याला आवडेल तेच लिहील.

व्यवस्थापनाकडून ‘हा अभियांत्रिकीचा विषय नव्हे’ असा आक्षेप आला, तर एक गोष्ट अवश्य दाखवावी. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य आहे आणि त्यानुसार होणाऱ्या मानांकनात संवादकौशल्य व संघकार्य या पदवीधराच्या अपेक्षित क्षमता मानल्या आहेत. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठाने तर १९८७ मध्येच अभियांत्रिकी आणि जर्मन भाषा यांचे एकत्र शिक्षण सुरू केले. भाषेची जागा आपला वर्ग घेऊ शकणार नाही. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात किंवा अन्यत्र भाषेची निदान एक-दोन पातळ्यांची तयारी आधी झालेली असावी.

प्रश्न : मी सध्या जर्मनीतील आखेनमध्ये शिकतो. महाविद्यालयाच्या ऑनलाइन वर्गात आम्ही सगळे मराठी विद्यार्थी एकत्र येतो आणि मन मोकळे होते, पण त्यामुळे इथल्या लोकांत मिसळणे आणखी लांबते आहे असे वाटते. वर्ग सोडून द्यावा का?
– एक विद्यार्थी

उत्तर : सोडू नये. परक्या गावात मन मोकळे करायला जागा असणे ही गरजच आहे आणि तिचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. फक्त आपल्या शिक्षकांना एक बदल सुचवावा : स्थानिक व्यक्तीशी झालेल्या संभाषणाची एक तरी नोंद सोबत घेऊन प्रत्येकाने वर्गात यावे. नोंद साधी चालेल. परीक्षेसाठी स्वतंत्र नावनोंदणी मुदतीत करावी लागते, तिची रीत कार्यालयात विचारून घेतली, किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शेजाऱ्याशी दहा मिनिटे बोलणे झाले, तरी पुरे. गटप्रकल्पात निवड करता येत असेल, तर आपल्याकडचे कोणी नसलेला गट घ्या. सुरुवातीचे काही आठवडे जड जातील, आणि त्याच आठवड्यांत हा वर्ग तुम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडेल.