सेक्टरमध्ये मशिदीला प्लॉट मिळाला तर रहिवाशांचा विरोध योग्य आहे का?

नवी मुंबईतला आहे म्हणून सांगतो, इथे सिडको मंदिर, चर्च, मशीद, गुरुद्वारा सगळ्यांनाच धार्मिक वापरासाठी प्लॉट देते, त्यामुळे प्लॉट रीतसर असेल आणि बांधकाम परवानगी असेल तर 'आम्हाला नको' एवढ्यावर ते थांबवता येत नाही. घटनेचं कलम २६ प्रत्येक धर्मपंथाला आपली संस्था उभी करायचा हक्क देतं, अट फक्त सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याची.

आता पार्किंग, शुक्रवारची गर्दी, भोंगा हे प्रश्न खोटे नाहीत. पण आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच चाललेलं, एक काका ट्रॅफिकवर तावातावाने बोलत होते आणि खाली गेटसमोर अर्धा रस्ता अडवून आमच्याच गणपतीचा मांडव, बांबू अजून निघाले नव्हते 😄 कोणीतरी खिडकीकडे बोट दाखवलं तर काका म्हणे तो विषय वेगळा. भोंग्याला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहेच, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, आणि ती सगळ्यांना सारखी.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही हां. स्वित्झर्लंडने २००९ मध्ये मिनार बांधायला बंदीसाठी मतदान घेतलं, ५७.५ टक्के लोक बंदीच्या बाजूने, आणि तेव्हा अख्ख्या देशात मिनार होते किती तर चार!

ट्रॅफिकची हरकत असेल तर ती लेखी द्या, महापालिकेला द्या, पण मग मंदिराच्या प्लॉटलाही तीच लावायची तयारी ठेवा.